पाचटाखालची रेघ

गोदाकाठ मी नीट असा फक्त चार दिवस पाहिला. त्यातला बराच वेळ गुडघ्यांवर बसून माती चाचपण्यात गेला, त्यामुळे तिथल्या घाटांबद्दल किंवा देवळांबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. पण आमच्या भाताच्या गावात ऊस म्हणजे बाजारात मिळणारं कांडं, एवढीच ओळख आहे. तो जिथे उभा असतो, जिथे तोडला जातो आणि तोडून झाल्यावर मागे जे उरतं, ते आमच्यातल्या कोणी पाहिलेलं नाही. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

निघताना

आमचं गाव घोटीच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडिलांना मी ‘शेतीच्या कॉलेजात’ काय शिकतो हे नीट कळत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते समजावताना माझीच जीभ अडखळते. शेती काय शाळेत शिकायची, असं ते कधी बोलले नाहीत. पण बैल सोडताना माझ्याकडे बघतात ते बघणं मला कळतं.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने शेतावर जाऊन एक प्रयोग करायचा होता. माझ्या वाट्याला पाचट आलं. ऊस तोडला की शेतात वाळलेल्या पाल्याचा गुडघाभर थर उरतो, त्याला पाचट म्हणतात. गोदाकाठचे बहुतेक शेतकरी तो पेटवून देतात. आमचे सर म्हणत, ते जाळू नका, सरीत तसंच पसरून ठेवा. जमीन ओल धरील, पाल्याचं हळूहळू खत होईल आणि त्याच बुडख्यांमधून पुन्हा फुटणारा ऊस, म्हणजे खोडवा, जास्त भरेल. म्हणणं सोपं होतं. शेतकऱ्याला वजन करून दाखवायचं होतं.

मागच्या हिवाळ्यात सरांबरोबर एकदा जाऊन आम्ही एका शेताचे दोन भाग केले होते. एका भागातलं पाचट ठेवलं, दुसऱ्यातलं जाळलं. आता तो खोडवा तोडायला आला होता, आणि या वेळी मी एकटाच जाणार होतो.

आईने दोन शेर इंद्रायणी तांदूळ फडक्यात बांधून दिला. “लोकांच्या घरी राहायचं, रिकाम्या हातानं जाऊ नको.” माझ्या दुसऱ्या हातात कॉलेजचं माती काढायचं गिरमिट होतं, कंबरेएवढं, लोखंडी. नाशिकहून सायखेड्याच्या गाडीत चढलो तर कंडक्टर म्हणाला, “विहीर खणायला चालला का रे?”

“नाही, ऊस बघायला.”

“ऊस बघायला गिरमिट? आम्ही तर दातानं बघतो.”

सगळी गाडी हसली. मीही हसलो, पण कान तापले होते.

पहिला दिवस

नाशिक सोडल्यावर डोंगर मागे मागे जातात आणि जमीन सपाट होते. आधी तारांवर चढवलेल्या द्राक्षबागा, मग कांद्याचे हिरवे वाफे, आणि नदी जवळ आली की ऊस. आमच्याकडे माणूस भातात उभा राहिला तर कंबरेपासून वर दिसतो. इथे ऊस माणसाला पार गिळून टाकतो. मातीही वेगळी. आमची तांबूस, पाऊस ओसरला की पाय साफ. इथली काळी. वस्तीपर्यंत चालत गेलो तोवर दोन्ही चपला दुप्पट जड झाल्या होत्या.

शेत मालनकाकूंचं. त्यांचे यजमान नाशिकला कंपनीत कामाला, रविवारीच घरी येतात. शेत बघतात काकू आणि त्यांचे सासरे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात. सत्तरीचे, काटक; बोलताना एक डोळा बारीक करतात. माझं नाव एकनाथ आहे, पण त्यांनी मागच्याच खेपेला माझं ‘घोटीकर’ करून टाकलं होतं.

या घराची एक रीत सांगायला हवी. काकू आबांशी समोरासमोर बोलत नसत. डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्या भिंतीशी, म्हशीशी किंवा मी असलो तर माझ्याशी बोलायच्या, आणि ते आबांनी ऐकायचं. आबाही तसंच. आमच्याकडे आई आजोबांशी भांड्यांच्या आवाजावरही भांडायची, त्यामुळे मला हे फार अवघड वाटे. दोघांच्या मधे मी चेंडूसारखा.

पाचट ठेवायचा हट्ट काकूंचा होता. त्यांनी सरांचं बोलणं एका बैठकीत ऐकलं होतं. पण त्यांचं खरं कारण साधं होतं: जाळलेल्या रानात तण माजतं आणि पाणी लवकर लागतं, आणि खुरपायला आणि पाणी भरायला जातं कोण, तर त्या. आबांना हे पटलं नव्हतं. शेवटी घरात ठरलं की अर्धं शेत सुनेचं, अर्धं सासऱ्याचं. ज्या अर्ध्याचा ऊस काट्यावर जास्त भरेल, तसं पुढे सगळ्या रानात करायचं. काकूंचा भाग कमी भरला तर त्यांनी पाचटाचं नाव पुन्हा काढायचं नाही.

मी पोचलो तेव्हा काकू अंगणात उभ्या होत्या. “अरे, आज आला? तोडणीची टोळी कालच आली ना! कारखान्यानं तोड आधी लावली. मी एसटीडीवरून तुझ्या कॉलेजात फोन लावला, कुणी उचलंना.”

गिरमिट तसंच हातात घेऊन मी शेतात पळालो. रस्त्याच्या कडेची ऊसपट्टी तोडून झाली होती. ऊसतोड करणाऱ्या जोड्या, नवरा-बायको, आपापल्या ओळी धरून आत सरकत होत्या. कोयत्याचा आवाज, पाल्याची सळसळ, टायरच्या गाड्यांना जुंपलेले बैल.

मी माझे दगड शोधू लागलो. मागच्या वर्षी दोन्ही भागांच्या मधल्या रेघेवर मी चार मोठे दगड रोवले होते, आणि दिसावेत म्हणून कॉलेजच्या फाटकाचा उरलेला लाल ऑइलपेंट त्यांना लावला होता. रेघेवर एकही दगड नव्हता.

बांधावरच्या लिंबाखाली चौघेही ओळीने बसलेले सापडले. हळद, कुंकू, झेंडूची फुलं, फोडलेल्या नारळाची करवंटी.

टोळीच्या मुकादमाची आई, सखूबाई, तिथेच भाकरी बांधत होती. टोळी चाळीसगावकडची. मी विचारलं, “आजी, हे दगड इथे कोणी आणले?”

“दगड नका म्हनू भाऊ,” ती दचकून म्हणाली. “देव शे ना तो. बैलना पाय लागी जाता त्याले. मी सोता उचलीसन आनात चारी देव.”

“आजी, तो रंग मी लावला होता.”

“मंग चांगलं केलं,” ती समजुतीने म्हणाली. “पुन्य लागंल.”

तेवढ्यात आबा आले. त्यांना कळायला दोन क्षण लागले आणि मग ते खोकला येईपर्यंत हसले. “घोटीकर! कॉलेजात जाऊन देव घडवायला शिकला का रे?”

मला हसू येईना. मी वही उघडली. मागच्या वर्षीची सगळी मोजमापं त्यात होती, सुबक अक्षरात: ‘पहिल्या दगडापासून पूर्वेला बारा पावलं’, ‘तिसऱ्या दगडापासून उत्तरेला सात पावलं’. लिंबापासून एकही नाही. विहिरीपासून एकही नाही. मी सगळं दगडांपासून मोजलं होतं आणि दगड चालून गेले होते.

सऱ्या मोजूनही भागणार नव्हतं. शेताचा एक बांध तिरका आहे, त्या बाजूच्या सऱ्या आखूड. म्हणून सरांनी क्षेत्र मोजून अर्धं केलं होतं. सऱ्यांची संख्या दोन्हीकडे सारखी नव्हती आणि ती मी लिहूनही ठेवली नव्हती. वर यंदाच्या तोडीचं ताजं पाचट दोन्ही भागांवर सारखंच पसरत चाललं होतं. बघणाऱ्याला सगळं एकच रान.

काकूही पोचल्या. त्यांनी पदर ओढला आणि मला म्हणाल्या, “एकनाथ, सांग. रेघ कुठं व्हती मला ठाव हाय. मीच पाणी भरते.” आणि एका सरीत जाऊन उभ्या राहिल्या.

आबा पाच सऱ्या ओलांडून काकूंच्याच भागात गेले आणि तिथे काठी रोवली. “सांग तिला घोटीकर, मला बी ठाव हाय. रेघ हितं.”

मधल्या पाच सऱ्या. काकूंचं मानलं तर त्यांचा भाग पाच सऱ्यांनी मोठा, आबांचं मानलं तर तेवढाच लहान. मुकादमही आला. तो म्हणाला, “भाऊ, काय ते जेवणाच्या आत ठरवा. कोयता थांबला का गाडी थांबती. मग आम्ही सरसकट तोडू.”

मी चाचरत म्हणालो, “आबा, या पाच सऱ्या दोन्हीकडे धरल्याच नाहीत तर?”

“का म्हणून? ठरलं व्हतं अर्ध्याला अर्धं. पाच सऱ्या कमी भरल्या का उद्या ही म्हणणार, माझ्या पाच खाल्ल्या. आन् मी बी म्हणणार.”

काकूंकडे पाहिलं. त्यांचं तोंड उतरलं होतं. वर्षभर त्यांनी त्या अर्ध्या रानाला जपलं होतं, आणि आता रंग लावलेल्या चार दगडांपायी सगळं वादात गेलं होतं. दगड माझे होते. मला घरी परत जावंसं वाटलं, हे लपवत नाही.

तसाच आबांच्या काठीपलीकडच्या सरीत बसलो. काही तरी करायचं म्हणून ताजं पाचट बाजूला सारलं. त्याखाली हंगामात गळून पडलेला पिवळा पाला. तो दोन्हीकडे सारखाच असणार. तोही काढला. त्याखाली हाताला मऊ काही तरी लागलं. काळं, ओलसर, चुरगळलं की भुगा होणारं. मागच्या वर्षीचं पाचट होतं ते. पुरतं कुजलं नव्हतं, पण आता त्याला पाला म्हणता आलं नसतं. आणि जिथे जाळलं होतं तिथे हे असणारच नव्हतं.

“काकू,” मी ओरडलो, “रेघ आहे! खाली आहे!”

मी दहा सऱ्या पलीकडे, आबांच्या नक्की असलेल्या भागात जाऊन उकरलं. वरचा पाला काढल्यावर थेट जमीन. कडक, भेगाळलेली, हाताला टोचणारी ढेकळं.

आबांनी पायाने थोडं ढोसलं. “मला दोन्हीकडं सारखंच दिसू राह्यलं.”

आणि मग काकू बोलल्या. माझ्याशी नाही, लिंबाशी नाही. पदर कधी मागे पडला त्यांना कळलं नसावं. “आबा, पायानं काय कळतं? खाली बसा. हात घाला.”

सखूबाई भाकरी बांधायची थांबली. आबांनी डोळा बारीक करून सुनेकडे पाहिलं, मग धोतर सावरून मी आधी उकरलेल्या, काठीपलीकडच्या सरीत जाऊन बसले आणि मनगटापर्यंत हात घातला. मूठभर वर काढून नाकाशी नेलं.

“चहाची पूड,” ते म्हणाले. “जुनी.”

त्यातून एक गांडूळ लोंबलं. आबांनी ते अलगद पुन्हा खाली सोडलं आणि गुडघ्यांवरच पुढच्या सरीत सरकले. आम्ही तिघे असेच एकेका सरीतून काकूंच्या रेघेकडे सरकलो. बाजूला कोयते चालत होते आणि टोळीतल्या बायका आमच्याकडे बघून हसत होत्या. एकीने विचारलं, “काय हरपलं वो, मंगळसूत्र?”

“हितं हाय,” आबा म्हणायचे. पुढच्या सरीत, “हितं बी हाय.” चौथ्या सरीत ते थांबले. दोन ठिकाणी उकरलं. मग म्हणाले, “हितं ढेकूळ. भुगा नाय.” पुढच्या सरीतही ढेकूळच. त्या चौथ्या सरीच्या अलीकडे मी वाळकं कांडं रोवलं. अजून तीन ठिकाणी, लांब अंतरावर, हेच करून पाहिलं. भुगा आणि ढेकूळ तिथेच बदलत होते.

आम्ही आबांच्या काठीपलीकडून निघून काकूंच्या रेघेकडे सरकत होतो, आणि रेघ काठीपासून दीड-दोन सऱ्यांवर सापडली. काकूंपेक्षा आबा जास्त बरोबर होते.

“बघ,” आबा उठत म्हणाले, “माझंच खरं निघालं.”

“रेघ तुमची खरी,” काकू म्हणाल्या. “पण हाताला लागलंय ते माझं हाय.”

त्यांनी धोतराला हात पुसले. काळा रंग निघेना, तसे ते विहिरीकडे गेले.

मीही विहिरीकडेच गेलो, पण टेप घेऊन. या वेळी सगळी मोजमापं विहिरीच्या कठड्यापासून घेतली.

दुसरा दिवस

तोवरची तोड मिसळूनच कारखान्यावर गेली होती, ती सोडून द्यावी लागली. सुदैवाने टोळी सगळ्या ओळींमध्ये रस्त्याकडूनच आत आली होती, म्हणून उरलेला ऊस दोन्ही भागांत सारखाच उभा होता. मुकादमाने दोन्ही भागांच्या गाड्या वेगळ्या भरायचं कबूल केलं, पण फुकट नाही. उसाचे हिरवे शेंडे, त्यांना वाढं म्हणतात, ते इथे टोळीच्या बैलांना जातात आणि त्यातला थोडा वाटा शेतकऱ्याच्या जनावरांना राहतो. काकूंनी आपला वाटाही सोडला. म्हैस दिवसभर रेकत होती.

मी गिरमिटाने मातीचे नमुने काढले. पाचटाच्या भागात गिरमिट एका दाबात आत जायचं. जाळलेल्या भागात मी त्यावर लोंबकळायचो आणि सखूबाई म्हणायची, “भाऊ, झोका खेळू राह्यला का?” पिशव्यांवर चिठ्ठ्या बांधल्या. दोनदा तपासून.

जेवण शेतातच. बाजरीची भाकरी, चुलीतल्या निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याचं भरीत, कांद्याची पात, मिरचीचा ठेचा. आमच्याकडे नागलीची भाकरी असते, पण भात नसेल तर जेवण झालं असं कोणी म्हणत नाही. इथे भात सणाचा. काकूंनी आईने दिलेला तांदूळ माझ्यासाठी मुद्दाम शिजवून आणला होता. डब्याचं झाकण उघडताच टोळीतल्या दोघी वास घेत पुढे आल्या. शेवटी सगळ्यांना दोन-दोन घास पोचले. आबांनी आपला भात भाकरीवर घेऊन खाल्ला, भाजीसारखा. मी आईला हे सांगितलं तेव्हा तिला खरं वाटेना.

खाता खाता आबांनी विचारलं, “तुमच्याकडं भाताची रोपं कशी टाकता रे?”

प्रश्न कुठे जाणार हे मला लगेच कळलं, पण खोटं बोलवेना. मी सांगितलं की आम्ही राब करतो: पावसाळ्याआधी रोपाच्या जागेवर शेण, पाला, फांद्या पसरायच्या, वरून माती टाकायची आणि पेटवायचं. त्या राखेत रोप जोमाने येतं.

आबांचा घास हातातच राहिला. “म्हंजे तू जाळणाऱ्याचाच पोरगा!”

सगळे हसले. काकूही हसल्या.

“हो,” मी म्हणालो. “माझे वडील दरवर्षी राब जाळतात. चुकीचं आहे का, मला अजून नक्की माहीत नाही. कॉलेजात काही सर नको म्हणतात.”

“मग बापाला सांगितलं का?”

“नाही. धीर होत नाही.”

आबांनी हातातला घास खाल्ला. मग आवाज उतरवून म्हणाले, “जाळलं का दुसऱ्या दिवशी रान झाडून काढल्यागत दिसतं. साप नाय, उंदीर नाय. कोंब वर आलेला दुरून मोजून घ्यावा. पाचट ठेवलं का रान कसं दिसतं? घरात लगीन होऊन गेलंय आन् कुणी झाडलंच नाय, तसं. मला बघवत नाय रे. एवढंच हाय माझं.”

मला वाटलं होतं आबांचा विरोध हट्टाचा आहे. तो नीटनेटकेपणाचा होता. माझे वडीलही असेच, बांधावर एक काडी आडवी चालत नाही.

“त्या झाडलेल्या रानात खुरपायला कोण जातं, ते बी सांगा म्हणावं,” काकू म्हणाल्या. पुन्हा माझ्याकडे बघून. पण आता त्यात नेहमीचा ताण नव्हता. “त्या भागाला आठ दिवसांत पाणी मागायला लागतं. माझ्या भागाला लाइट दोन-चार दिवस गेली तरी माती ओली. मी हात घालून बघते रोज.”

आबांनी हात धुतले आणि गाड्या मोजायला गेले. दोन्ही भागांच्या.

तिसरा दिवस

तोड संपली. गाडीवानांनी कारखान्याच्या काट्याच्या पावत्या आणून दिल्या होत्या. काकूंनी त्या दोन पितळी डब्यांत वेगळ्या ठेवल्या होत्या, आणि सकाळी ओट्यावर आबांनी दोन्ही डबे माझ्यासमोर मांडले. आबांना अक्षरओळख नाही. काकू शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या, पण त्या दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “तूच वाच.”

मी बेरीज केली. पुन्हा केली. आबा म्हणाले, “आता खालून वर कर.” तशीही केली.

पाचटाचा भाग जास्त भरला होता. जमीन-अस्मानाचा फरक नाही. एक भरलेली गाडी आणि वर थोडं.

काकूंनी चौकटीला डोकं टेकलं. मी तिथे गप्प बसलो असतो तर छान झालं असतं. पण सरांनी शिकवलेलं डोक्यात होतं, म्हणून मी म्हणालो, “आबा, एक सांगायला हवं. हे एकच शेत आहे आणि एकच वर्ष. पाचटाचा भाग नाल्याकडचा आहे. तिकडची जमीनच मुळात चांगली असेल तर ही गाडी जमिनीची असेल, पाचटाची नसेल.”

“तू कुणाच्या बाजूचा हाये रे?” काकू कडाडल्या. “तीन दिवस माझी भाकरी खातोय!”

आबा मात्र डोळा बारीक करून कुठे तरी लांब बघत होते.

“नाल्याकडचं रान चांगलं?” ते म्हणाले. “कुणी सांगितलं तुला? ती बाजू मुरमाड हाय. माझ्या बापानं ती घेतली तवापासून दर साली तीच बाजू कमी भरती. म्हणून तर मी तिला ती दिली व्हती.”

म्हटल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं. काकूंनाही कळलं. मग आबा उठले, पायताण घातलं आणि शेताकडे गेले. जाळणार की नाही, हे काही त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची काकूंची किंवा माझी हिंमत झाली नाही.

चौथा दिवस

मी सकाळच्या गाडीने निघणार होतो. मातीच्या पिशव्या बांधून ठेवल्या होत्या. काकू म्हशीला पाणी पाजत होत्या, आणि त्यांनी मधेच बादली टाकली. शेतावर धूर दिसत होता.

“शब्द मोडला,” एवढंच त्या म्हणाल्या आणि अनवाणी धावल्या. मी त्यांच्यामागे.

पेटलेलं रान शेजाऱ्याच्या बांधालगत होतं. आबा तिथे दाताळं घेऊन उभे होते, खांद्यावर ओलं गोणपाट. त्यांनी बांधाकडच्या चार सऱ्यांमधलं पाचट ओढून बांधाशी ओळीने रचलं होतं आणि वारा पडलेला असताना तेवढंच पेटवलं होतं, थोडं थोडं करून. आच आतल्या बाजूला सरकली की गोणपाट मारून विझवत होते. बाकीचं सगळं रान पाचटाने झाकलेलंच होतं, पिवळंधमक.

काकू धापा टाकत उभ्या राहिल्या. “हे काय केलं, आबा?”

“वरडू नको. त्या काठाला उभी राहा, ठिणगी उडाली तर फांदीनं झोड.” आबांनी दाताळ्याने शेजाऱ्याचं रान दाखवलं. “तो आज दुपारी पेटवणार हाय, काल बोलला. दुपारी वारं तिकडून इकडं. जाळलेल्या रानाला कसली भीती? पण हे असं गुडघाभर पाचट आन् मधी नुसता बांध. घटकेत सगळं घेऊन गेलं असतं. मधी काळा पट्टा पायजे.”

मी हातातली पिशवी ठेवली आणि लिंबाची फांदी तोडून तिसऱ्या काठाला उभा राहिलो. माझी गाडी गेली. दुपारची धरायचं ठरवलं, आणि तीही गेली, कारण शेजाऱ्याने खरंच पेटवलं.

उसाचं रान पेटताना मी पहिल्यांदाच पाहिलं. राबाचा जाळ मातीखाली धुमसतो. हा उभा राहतो. फटाक्यांसारखे आवाज, काळी राख आभाळात, घारी घिरट्या घालणाऱ्या. जाळ धावत बांधापर्यंत आला, बांधावरचं गवत खाल्लं, आमच्या काळ्या पट्ट्याला तोंड लावलं आणि तिथे त्याला खायला काही मिळेना. दोन-तीन ठिणग्या पट्टा ओलांडून आल्या. दोन काकूंनी झोडल्या. एक आबांनी पायताणाने चिरडली आणि नंतर बराच वेळ तिच्यावर उभेच राहिले.

धूर खाली बसल्यावर आम्ही तिघे बांधावर टेकलो. सगळ्यांची तोंडं काळी. काकूंनी तांब्या आबांच्या हातात दिला, मग माझ्या. आबा पाचट पसरलेल्या रानाकडे बघत होते. लग्न होऊन गेल्यावर न झाडलेल्या घराकडे बघावं तसेच, पण बघत होते.

“यावर युरिया कधी टाकायचा म्हणतो तुमचा सर?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. किती, तेही सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली.

मग मला वहीतला ‘जाळलेला भाग’ हा रकाना आठवला आणि मी विचारलं, “आबा, पुढच्या वर्षी वजन धरताना या जळालेल्या चार सऱ्या कोणाकडे धरायच्या?”

“माझ्याकडं.”

“त्या कमी भरल्या तरी?”

“कमीच भरणार हायेत त्या,” आबा म्हणाले. “तरी माझ्याच धर.”